भाच्याच्या पाठीवरचा भोपळा

भाच्याच्या पाठीवरच्या भोपळ्याची शेवटची गाठ मी बांधली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आम्ही शहापूरचे विणकर. त्या उन्हाळ्यात मागावरचा ताणा संपला, दुसरा चढायला चार दिवस होते, म्हणून आप्पांनी बैलगाडी जुंपली. चिकोडीहून आक्का माहेरी आलेली, सोबत तिचा सहा वर्षांचा एकुलता एक मुलगा. मी अठराचा. खानापूरच्या पुढं रानातली पडकी देवळं बघायची, नदीवर जेवायचं, परत यायचं, एवढाच बेत.

वाटेत वानरं दिसली. एक भेकर गाडीपुढून उडी मारून गेलं. देवळाला छप्परच नव्हतं. भाचा गाभाऱ्यात डोकावून म्हणाला, "आज्जा, देव कुठं गेला?"

"पावसात कोण भिजतंय रं? गेला असंल पाव्हण्याकडं," आप्पा म्हणाले.

"मग आपल्याकडं आणूया की. मागाखालच्या खड्ड्यात झोपंल."

आक्का इतकी हसली की तोंडाला पदर लावावा लागला.

नदीच्या डोहापाशी तिनं त्याच्या पाठीला वाळका भोपळा सुंभानं बांधला. आमच्याकडं पोरं अशीच पोहायला शिकतात. दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या, आणि ती आप्पांबरोबर वर चूल मांडायला गेली.

"मामा, लई टोचतंय."

"रडका हैस निव्वळ," मी म्हटलं. पण त्याच्या काखेत लाल वळ उठला होता. माझ्या कमरेला ताण्याचं उरलेलं सूत खोचलेलं होतं. सुंभ सोडलं, सुताचे सात-आठ पदर पिळले आणि त्या पिळानं भोपळा बांधला.

"आता?"

"आता न्हाय टोचत," म्हणत तो डोहात उतरला.

त्या सुताला खळ होती. खळ पाण्यात सुटते, सूत बुळबुळीत होतं, गाठ सरकते. विणकराच्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण घरात जे काही सुटेल ते आम्ही सुतानंच बांधतो. हाताला दुसरं काही सुचलं नाही.

पलीकडच्या काठावर दोन गवे पाण्यावर आले. मी ते बघत राहिलो. वळलो तर भोपळा एकटाच तरंगत होता.

मी उडी मारली. आधी भोपळा हाती लागला. त्याला लोंबणारं सूत मी ओढून काढलं, पाण्यात सोडलं. मग आप्पांना हाक मारली. मध्ये किती वेळ गेला, ठाऊक नाही. तेवढ्या वेळात तो वाचला असता का, तेही ठाऊक नाही. आप्पा डोहात उतरले तेव्हा काठावरचं सुंभही मी पायानं धारेला लावलं.

"माझीच गाठ सुटली हो, आप्पा," आक्का म्हणत राहिली. "दोनदा ओढून बघितलती."

चिकोडीला तिच्या सासूनं तेच उचललं, आणि मरेपर्यंत तिला ऐकवलं.

आता समुद्रापलीकडच्या लढाईपायी सूत मिळेना, माग बंद आहेत. आप्पा गेले. मी पन्नाशीला टेकलो. भाऊबीजेला आक्काकडं जातो. निघताना ती फडक्यात लाडू ठेवते आणि फडकं माझ्यापुढं सरकवते. "तूच बांध रं. माझ्या हातची गाठ ऱ्हात न्हाय."

मी बांधतो. दरवर्षी.

तिला वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहिता आलं असेल. तिच्यासमोर बसून "ती गाठ माझी होती" एवढं सांगणं मी तिला अजून देणं लागतो.