मामांची साउथ कॅरोलायना

अख्ख्या बहारीनमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या साउथ कॅरोलायनाची काळजी वाहणारा माणूस एकच असणार, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मोजून पाहिलेलं नाही, पण चूक निघाली तर मान्य करीन. मामा मालवणकडचे, सडेफटिंग, एकतीस वर्षं सलमाबादच्या एका गोदामात स्टोअरकीपर. दर शुक्रवारी नईम भागातल्या आमच्या घरी जेवायला येतात आणि भात शिजेपर्यंत स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतात. "हळद संपली गो." "आहे की मामा, तो काय डबा!" "डबो आसा. हळद नाय." साठ्याच्या तक्त्यात कुणी शून्याच्या जागी रेघ मारली, तर मामा त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीत. शून्य म्हणजे मोजलं आणि सापडलं नाही. रेघ म्हणजे कुणी मोजलंच नाही.

अमेरिकेहून आलेल्या एका खोक्यात सुट्या भागांभोवती जुन्या पुस्तकाची पानं कोंबली होती. मामांनी ती सरळ केली. एका पानावर तिकडच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा तक्ता होता, राज्याराज्यांची मतं. साउथ कॅरोलायनापुढे मात्र रेघ. झालं! "राज्य आसा, माणसां आसत, मग मतां खंय गेली?" हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला विचारला, कँटीनवाल्याला विचारला, आणि अदलियातल्या एका कॅफेत अमेरिकन दिसणाऱ्या माणसाला गाठून विचारला. तो अर्धी कॉफी टाकून उठून गेला. कॅनडाचा निघाला म्हणे.

शेवटी उत्तर मामांनीच शोधलं. बाकीच्या राज्यांत लोक मत द्यायला लागले, तरी या राज्यात कित्येक वर्षं विधिमंडळच परस्पर ठरवून मोकळं होत असे. ते सांगताना मामांचा घास हातातच राहिला. "लोकांका कोणी विचारल्यानच नाय, जावयबापू." मग घास ताटात ठेवून म्हणाले, "माझ्यापुढे तरी दुसरा काय आसा? रेघच."

ते एकोणिसाव्या वर्षी इथे आले होते. आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. मामांनी परदेशातल्या मतदाराचा अर्ज भरला, गावच्या यादीत नाव आलं; मत मात्र गावी जाऊनच द्यायचं होतं. दोन वर्षांतून एकदा मिळणारी रजा त्यांनी मतदानाला जोडून मागितली. मॅनेजर "इंशाल्ला, इंशाल्ला" करत होता. मामांनी त्याच्याकडून सही घेतली. तारीख मी सांगितली. "तुम्ही सांगितलास म्हणजे तपासलेलाच आसतला," म्हणाले आणि तिकीट काढलं.

मी तारीख तपासलीच होती. पण ती माझ्या वसईची. महाराष्ट्रात मतदान टप्प्याटप्प्याने होतं आणि मामांचं मालवण आमच्या तेरा दिवस आधी मत देऊन बसलं होतं. मामा गावात पोचले ते मतदानानंतर अकराव्या दिवशी. बायकोने मला ऑफिसात फोन केला, "दिवसभर तिथे बसून दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढता ना तुम्ही?"

मामा परतले तेव्हा त्यांना आणायला मी एकटाच विमानतळावर गेलो. गाडीत बसल्या बसल्या म्हणालो, "मामा, चूक सगळी माझी."

"खलास. ता सोडा. हात हयसर करा." त्यांनी माझी डावी तर्जनी धरली आणि नखाच्या मुळाशी बोट टेकवलं. "वहिनीचा नख बघलंय. शाई होती, पण हयसर बारीक कोरी फट. दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी बोटां बघलंय. सगळ्यांका फट! नखाबरोबर शाई वर सरकता. तुमका म्हायत होता?"

"नाही."

"मग संपता कधी? कितक्या दिवसांनी?"

मी आजवर पाच वेळा मत दिलं आहे. पाचही वेळा ती शाई याच बोटावरून वर सरकत गेली असणार. किती दिवसांनी संपली, ते मी कधी मोजलंच नव्हतं. मामा माझं बोट धरून उत्तराची वाट बघत होते.