मागच्या गेटवर कोण होतं

नाटकाचा दुसरा अंक तीन आठवडे अडला होता. तो माझ्यामुळे अडला होता, हे फक्त मला माहीत होतं.

आमची नाटकमंडळी बोईसर आणि सालवडची. कुणी कारखान्यात फिटर, कुणी लॅबमध्ये, एक जण बँकेत. दिग्दर्शन करणारी मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. सगळ्यांच्या शिफ्ट सांभाळून रविवारी सकाळी सालवडच्या समाजमंदिरात तालीम व्हायची. सैनिकांचे बूट काही मिळाले नाहीत, म्हणून सगळे कारखान्यातले सेफ्टी शूज घालून यायचे. फरशीवर ते एका तालात वाजले की मला पलटण आठवायची.

नाटक दोन माजी सैनिकांच्या मैत्रीवर होतं. एक मी, आणि दुसरा माकुणसारचा माझा मित्र. मी सांगितलेल्या गोष्टींवरून या मुलांनीच ते लिहून काढलं होतं.

पहिला अंक झकास बसला होता. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही दोघं टेलिफोनची तार टाकायचो. तारेचं जड रीळ काठीत ओवायचं, काठीचं एकेक टोक खांद्यावर घ्यायचं आणि चालायला लागायचं. मी उंच, तो बुटका. रीळ घसरत घसरत त्याच्याकडे जायचं आणि सगळं वजन त्याच्या खांद्यावर यायचं. तो शिव्या द्यायचा, पण जागा बदलून मागायचा नाही, कारण बदलून उपयोगच नव्हता. तोफगोळ्यानं तार तुटली की रांगत जाऊन जोडायची. पक्कड हाताशी नसली तर तो तारेवरचं आवरण दातांनी सोलायचा. त्यात त्याचा पुढचा एक दात गेला. हे सगळं खरं होतं, म्हणून ते पटापट बसलं.

दुसऱ्या अंकात आम्ही फौजेतून निवृत्त होऊन तारापूरच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागतो. पुढचं गेट त्याचं, मागचं गेट माझं. आठ वर्षं हसतखेळत जातात. मग एक दिवस माझ्या मित्राला गावच्या वाडीची ओढ लागते आणि तो नोकरी सोडून निघून जातो. असं मी मंडळीतल्या मुलांना सांगितलं होतं. माझ्या बायकोला आणि मुलांनाही इतकी वर्षं हेच सांगत आलो होतो.

"काका, हे पटत नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "वाडीची एवढी ओढ होती तर माणूस आठ वर्षं थांबला कशाला? आणि एका दिवसात गेला?"

"हट्टी होता," मी म्हटलं.

"हट्टी माणूस जात नाही हो, हट्टी माणूस थांबतो!"

सगळे हसले. माझी भूमिका करणारा फिटर मात्र हसला नाही. मन लावून काम करणारा पोरगा. तो स्टेजच्या मधोमध येऊन म्हणाला, "काका, मला एवढंच सांगा. तो नोकरी सोडतो तेव्हा मी कुठं उभा असतो? म्हणजे मी तिथं जाऊन उभा राहतो, बाकी मग आपोआप सुचेल."

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑफिसात. साहेबाच्या टेबलासमोर. त्याच्या शेजारी. तू काही बोलत नाहीस."

 मग मी सगळं सांगितलं. इथंही लिहितो, कारण आता ते लिहूनच ठेवलं पाहिजे.

मला तेव्हाही नाटकाचा नाद होता. एका दुपारच्या शिफ्टला पालघरला आमचा प्रयोग लागला होता. मला दोन प्रवेश होते, फार मोठं काम नव्हतं. रजा मागितली असती तर मिळाली नसती. मी पुढच्या गेटवर जाऊन मित्राला म्हटलं, "चार तास मागचंही बघ." तो म्हणाला, "चार्ज दे." फौजेतली सवय. मी म्हटलं, "चार्ज दिला." तो म्हणाला, "घेतला." मी सायकल काढून स्टेशन गाठलं. पालघरला माझ्या दुसऱ्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, आणि साधारण त्याच वेळी मागच्या गेटातून तांब्याच्या पट्ट्यांनी भरलेला टेम्पो कागदाशिवाय निघून गेला. मित्र बिचारा पुढच्या गेटवर एका पाहुण्याची गाडी आत घेत होता.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, "मागच्या गेटवर कोण होतं?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. बोलायची पाळी माझी होती म्हणून त्यानं थांबून पाहिलं, इतकंच. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "मी होतो, साहेब."

त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. टेम्पो सापडला नाही. मित्र गावी पोचायच्या आधी बातमी पोचली, आणि गावात त्याला चोर ठरवलं गेलं. मी त्या गेटवर आणखी सतरा वर्षं नोकरी केली.

माझं सांगून झालं. मग दिग्दर्शिकेनं वही मिटली आणि म्हणाली, "काका, अंक सुटला. पण हा अंक तुमच्या एकट्याचा नाही. त्यांना विचारून या."

मी सफाळ्याला उतरून शेअर रिक्षानं माकुणसारला गेलो. अधूनमधून जायचोच, पण वर्षागणिक कमी होत गेलं होतं. तो माणूस मला कधी एक शब्द लागेल असा बोलला नव्हता. त्याची बायको मात्र माझ्यापुढे चहा ठेवून आत जायची ती मी जाईपर्यंत बाहेर यायची नाही.

तो वाडीत वालाच्या शेंगा तोडत होता. "आलास? नुसता उभा राऊ नको, तोडायला लाग."

मी शेंगा तोडता तोडता सांगायला सुरुवात केली. ऑफिसपर्यंत आलो तसा तो म्हणाला, "हे मला कशाला सांगतोस? मी होतो ना तिथं."

"तू का सांगितलं नाहीस त्यांना?"

"तू बोलशील वाटलं. तू नाय बोललास. मग कुणीतरी बोलाय पायजे ना? साहेब किती वेळ थांबणार?"

"नाटकात घालू का?"

"घाल. पण मला गरीब गाय करू नको. चार्ज मी घेतला होता. घेतला म्हणजे गेट माझं. तेवढं नीट दाखव."

एवढ्यात ओट्यावरून आवाज आला. त्याची बायको सूप हातात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाटक कुठं करणार, भावोजी?"

"बोईसरला, वहिनी."

"बोईसरला आमाला कोण ओळखतो? चोर इथं म्हणाले. ह्यांच्या तोंडावर कुणाची हिंमत नाय झाली, मला म्हणाले, विहिरीवर. पोरांना शाळेत म्हणाले. बोलायचं हाय तर इथं येऊन बोला. तिथं नको."

"आगं, जाऊ दे," मित्र म्हणाला.

"तुमी शेंगा तोडा," ती म्हणाली.

मग ठरलं ते असं, की पहिला प्रयोग सफाळ्याला होईल, एका शाळेच्या मैदानात मांडव घालून, रविवारी संध्याकाळी, आणि सगळ्यांना फुकट. मंडळीतल्या एकानेही कुरकुर केली नाही. उलट फिटरनं नवीन अडचण काढली. "काका, खरं सांगायचं वाक्य मी म्हटलं तर ती अॅक्टिंग होईल. तेवढं तुम्ही येऊन म्हणा." तेव्हा असं बसवलं, की साहेब प्रश्न विचारतो, तरुण मी गप्प राहतो, मित्र बोलतो, आणि मग विंगेतून म्हातारा मी येऊन खरं सांगतो. वाक्य एकच. तरी मी ते आंघोळ करताना, भाजी आणताना, सारखं घोकत होतो. फौजेत मला भीती वाटली नव्हती असं नाही, पण तिथं शेजारी तो असायचा.

प्रयोगाच्या दिवशी मैदान भरलं. सफाळे, माकुणसार, आसपासच्या पाड्यांवरची माणसं. पहिल्या रांगेत मित्र पांढराशुभ्र शर्ट घालून, शेजारी वहिनी, त्यांचे मुलगे, सुना. विंगेतून मला त्यांची डोकी दिसत होती. पहिल्या अंकाला लोक पोट धरून हसले. रीळ घसरून बुटक्याकडे गेलं तसा मित्र शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "आगदी असंच! आगदी असंच!" दात तुटला तेव्हा त्यानं ओठ वर करून शेजारच्याला जागा दाखवली.

मग ऑफिस आलं. साहेबाचं काम करणाऱ्यानं विचारलं, "मागच्या गेटवर कोण होतं?" फिटर खाली बघत उभा राहिला. तालमीत आम्ही इथं मनात दहा मोजायचो. त्या दिवशी तो किती मोजत होता देव जाणे. प्रेक्षकांतून एक बाई वैतागून म्हणाली, "आरे, सांग ना!" मग बुटका म्हणाला, "मी होतो, साहेब."

मी स्टेजवर गेलो. दिवे डोळ्यांवर आले. मी म्हटलं, "मागचं गेट माझं होतं. मी ते सोडून नाटकाला गेलो होतो." निदान मला वाटलं, मी म्हटलं. आवाज असा बारीक निघाला की ते पहिल्या रांगेपुढे गेलं नसावं.

मित्र खुर्चीतून उठला. सगळ्या मैदानाकडे पाठ, तोंड माझ्याकडे. परेडच्या आवाजात तो ओरडला, "मागं ऐकू नाय आलं! परत बोल!"

  मी स्टेजच्या अगदी कडेला गेलो आणि मला जेवढा आवाज होता तेवढा काढला. "मागचं गेट माझं होतं! मी ड्यूटी सोडून पालघरला नाटकात नाचत होतो. हा माणूस माझ्या जागी उभा होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी घाबरलो आणि गप्प बसलो. ह्याची नोकरी माझ्यामुळे गेली. तुम्ही ह्याला चोर म्हणालात. आठ वर्षांत ह्यानं आपल्या गेटातून एक खिळा बाहेर जाऊ दिला नव्हता!" यातलं निम्मं संहितेत नव्हतं.

मागून, मांडवाच्या शेवटच्या खांबापासून, एक म्हातारा आवाज आला, "आलं रे! आलं ऐकू!" मग टाळ्या सुरू झाल्या. आधी पाठीमागे, मग सगळीकडे. माणसं उभी राहून माझ्याकडे नाही, पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या शर्टाकडे बघून टाळ्या वाजवत होती. मित्र वळला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं शर्ट खाली ओढून नीट केला आणि ताठ उभा राहिला. स्टेजवरचा साहेब पुढचं वाक्य साफ विसरला. शेवटचा प्रवेश आम्ही कसा केला ते मला आठवत नाही, कुणालाच आठवत नाही.

रंग पुसत होतो तेव्हा वहिनी पडद्यामागे आल्या. डोळे लाल, पण चेहरा असा फुललेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"बगितलंत, सांग ना म्हणून कोण वरडली ती? तीच विहिरीवरची. आता रडत बसली हाय. मी म्हटलं, बाय, रडू नको, फुकटचं नाटक होतं."

मी हात जोडले.

"हात खाली घ्या. मी माफ केलं असं समजू नका. मला येळ लागेल. तुमीपण येळ लावलातच ना?" मग पदर खोचून म्हणाल्या, "सगळ्या पोरांना घेऊन जेवायला या. वालाची उसळ हाय."

सामान गाडीत भरून आम्ही सगळे मैदानाच्या फाटकाशी उभे राहिलो. फक्त मित्र यायचा होता. तो मैदानाच्या मधोमध माणसांच्या घोळक्यात होता, नुसता हात वर-खाली होताना दिसत होता. "त्या पोराला लावली तेवढी मिशी माझी कदीच नव्हती," तो कुणाला तरी सांगत होता, "पण पोरगा गुणी हाय." दिग्दर्शिका दोनदा बोलावून आली. दोन्ही वेळा लोकांनी तिलाच परत पाठवलं, म्हणाले, "थांबा हो बाई, आमाला ऐकू द्या." सेफ्टी शूज हातात घेऊन मुलं भुकेनं कुरकुरत होती. मी म्हटलं, थांबू या, त्याला वाटेल तेवढा वेळ.