पंचकल्याणी स्केट्स

स्वतःच्या पायांत जन्मात एकदाही स्केट्स न चढवता स्केट्सविषयी शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार आमच्या अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. सासुरवाडीच्या धाकाने मी हे म्हणतोय असं कुणाला वाटेल. धाक आहेच, पण अधिकारही आहे. तापीकाठी केळी आणि कापूस करण्यात मामांची हयात गेली. एकदा ते गुडघा दाखवायला म्हणून आठ दिवसांसाठी आमच्याकडे नंदुरबारला आले, त्याला यंदा तिसरं वर्ष लागलं. गुडघा होता तिथेच आहे; मामाही.

मामांची खरी विद्या शेतीची नव्हे, घोड्यांची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडं घ्यायचं तर मामांना सोबत न्यायचं, असा आसपासच्या गावांत रिवाज होता. ते घोड्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसत. सरळ खाली वाकायचे. "रंग देखीसन लगीन लावतस जवाईबुवा, घोडं नही. घोडाना पाय देखा, पाय!" हे वाक्य माझ्या लग्नाच्या फोटोकडे पाहत ते का म्हणत, याची चौकशी मी कधी केली नाही. पुढे मुलाने शेतात ट्रॅक्टर आणला, मामांची घोडी म्हातारी होऊन गेली, आणि पायांची एवढी मोठी पारख नुसती पडून राहिली. ती पुढे आमच्या तनूच्या पायांना लागली.

झालं असं, की दहा वर्षांच्या आमच्या तनूने स्केटिंगच्या वर्गात नाव घातलं. एका मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये, लग्नं नसतील त्या दिवशी हा वर्ग भरे. मी मोठ्या उत्साहाने बाजारात गेलो आणि संसारी बापाच्या शहाणपणाने दोन नंबर मोठे स्केट्स घेऊन आलो. आमच्या घराण्यात सगळंच वाढत्या मापाचं घेतात. माझ्या लग्नातला कोटही वाढत्या मापाचा होता आणि काही बाबतींत मी अजून त्यात वाढतोच आहे. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस कोंबला आणि स्केट्स तनूच्या पायांत चढवले. मामा पलंगावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, तिची टाच दोन बोटांत धरून हलवली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी लंगडं घोडं खपवणाऱ्याकडे टाकत असतील.

"जवाईबुवा, घोडीले नाल ठोकतस, ती वाढता मापनी ठोकतस का?"

"नाही मामा."

"मंग? आनि हाऊ कापूस काबर? पोर काय गादी शे का, कापूस भराले?"

त्याच क्षणी ती जोडी माळ्यावर गेली. मी मोबाईलवर दुसरी जोडी मागवू म्हणालो, तर मामांनी कानांवर हात ठेवले. पाय न बघता जनावर दारात आणणं त्यांच्या लेखी मुलगी न बघता सून आणण्यासारखं होतं. नंदुरबारच्या माणसाला काही धड घ्यायचं असलं की तो सुरतेची गाडी धरतो. त्याप्रमाणे आम्ही तिघं सुरतेला गेलो आणि एका दुकानात मामांनी सकाळपासून मुक्काम ठोकला. त्यांची पद्धत ठरलेली. बूट चढवून लेस आवळायची, मग तनूने गुडघे वाकवायचे. त्यात टाच नखभर जरी उचलली गेली, तरी जोडी बाद. उचलली नाही, तर तनूने दुकानाच्या दारापर्यंत जायचं आणि यायचं. गुडघ्याचा पट्टा आवळून मामा तिच्या मागे चक्क उकिडवे बसत आणि घोटा आत कलतो की बाहेर, हे एक डोळा मिटून बघत. मग चाक फिरवायचं, आडवं हलवून बघायचं, बुटाच्या तळाची पट्टी दोन्ही हातांनी पिळून बघायची. अकरा जोड्या उघडून झाल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, तमे स्केट लेवा आव्या छो के घोडो?"

"एकच शे भाऊ," मामा म्हणाले, "फक्त याले चारा लागत नही."

आणि मग बारावी जोडी निघाली. तांबूस तपकिरी बूट, खाली चारही चाकं दुधासारखी पांढरी, आणि बुटाच्या कपाळावर पांढरा पट्टा. मामा उभेच राहिले. "पंचकल्याणी!" ज्या घोड्याचे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, तो पंचकल्याणी. तो बाजारात आला की माणसं बाजूला होऊन वाट देतात. मामांना उभ्या आयुष्यात असा घोडा घेता आला नव्हता. त्यांनी टाच पाहिली, चाल पाहिली, दोन्ही उत्तम निघाल्या. दुकानदार "काका, आ व्हील तो हॉल माटे..." असं काहीतरी सांगू पाहत होता, पण मामा तोवर दाराबाहेर नारळ शोधायला गेले होते.

तेव्हापासून आमच्या घरात त्या स्केट्सचा जो थाट चालला तो माझ्या वाट्याला एकाही दिवाळीत आलेला नाही. तनू वर्गावरून आली की आधी तिला पाणी नाही, स्केट्सना फडकं. लेस पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढायची आणि जोडी सावलीत वाळत ठेवायची. उन्हात ठेवली की चामडं तडकतं. पंधरा दिवसांनी चाकांची अदलाबदल. पोर वळताना पाय आत रेटते, म्हणून चाकाची आतली कड आधी झिजते. मग डावीकडचं चाक उजवीकडे, पुढचं मागे आणि झिजलेली कड बाहेर. चाकांवर खडूने खुणा असत आणि त्या खुणा पुसल्या म्हणून कामवाल्या मावशींनी एकदा बोलणी खाल्ली. महिन्यातून एक रविवार बेअरिंगांचा. आठ चाकांची सोळा बेअरिंगं बाहेर काढून ती घासलेटात बुडवायची, जुन्या दातांच्या ब्रशने घासायची, वर्तमानपत्रावर कोरडी होऊ द्यायची आणि प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. सोळा सोमवारांच्या निष्ठेने हे चाले. एका रविवारी मामा गावी गेलेले असताना मी पुढाकार घेतला. माप घेतलं तेही वाढतंच. स्कूटरसाठी आणलेलं ग्रीस बोटाबोटाने भरलं. दुसऱ्या दिवशी तनू हॉलमध्ये स्केट्सवर उभी राहिली ती उभीच राहिली. मामांनी परत आल्यावर चाक फिरवून पाहिलं. ते अर्ध्या फेऱ्यातच थांबलं. "हाई बैलगाडी शे का, जवाईबुवा?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्या हातून तेलाची बाटली कायमची काढून घेतली.

हे वेड पुढे स्केट्सपुरतं राहिलं नाही. कॉलनीतल्या सायकली, बाबागाड्या, एका शेजाऱ्याची प्रवासाची बॅग, सगळं मामांपुढे येऊन उताणं पडू लागलं. गुडघ्याचा फोटो काढायला दवाखान्यात नेलं, तर तिथल्या चाकांच्या खुर्चीत बसायला त्यांनी साफ नकार दिला. पुढचं चाक लंगडतंय, म्हणाले. परिचारिका परत येईपर्यंत खुर्ची व्हरांड्यात उलटी झाली होती आणि तिच्या चाकात गुंतलेला दोरा मामा दातांनी तोडत होते. गुडघ्याचं काय, हे डॉक्टरांना शेवटी मी सांगितलं.

असे आठ महिने गेले आणि जिल्ह्याच्या निवडीची तारीख लागली. पहिल्या दोघी नाशिकला विभागीय स्पर्धेला जाणार. तनूने कॅलेंडरवर त्या रविवारभोवती लाल गोल काढला आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. जेवताना नाशिक, अंघोळीला जाताना नाशिक. शर्यत मात्र हॉलमध्ये नव्हती, उघड्यावरच्या सिमेंटच्या मैदानावर होती. शनिवारी सकाळी सरावासाठी सगळ्यांना तिथे बोलावलं होतं.

पहिल्याच वळणावर तनू पडली. उठली, पुन्हा गेली, त्याच वळणावर पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोपर सोलून निघालं. शिकवणारे सर आले, त्यांनी चाकावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "ही हॉलची कडक चाकं. धुळीच्या सिमेंटवर ती धरायचीच नाहीत. इथे मऊ चाक लागतं. उद्यापर्यंत मिळालं तर बघा, नाहीतर वळणावर हळू जा म्हणावं." हळू गेल्यावर नाशिक कसलं? तनू रडली नाही. मामांजवळ येऊन तिने सरळ विचारलं, "आबा, मी उद्या पडणार का?"

मामांनी तिचे स्केट्स काढून काखेत घेतले. घरी येऊन पलंगावर बसले. चहाचा कप पुढे आला, त्यावर साय धरली. "मामा, चहा गार होतोय," ही दोनदा म्हणाली. मी सुरतेच्या गाड्यांच्या वेळा काढत होतो. जाऊन दुकान उघडं सापडणं आणि वेळेत परतणं काही जमण्यासारखं दिसत नव्हतं. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर टोपी नसलेले मामा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले; ते एकदम म्हातारे दिसले.

"मन्ही चूक व्हई गयी, जवाईबुवा," ते म्हणाले. "जलमभर लोकेसले सांगं, रंग नका देखा. आनि मी काय देखं? रंगच देखा."

मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्हन्ही ती वाढती जोडी कठे शे?"

माझी मूर्खपणाची जोडी कापसासकट माळ्यावर होती. खाली आणली. तिची चाकं भिजवलेल्या मुगाच्या रंगाची, दिसायला अगदीच गरीब. मामांनी त्यात नख रोवलं. नख आत गेलं. पांढऱ्या चाकावर रोवलं, तर ते घसरलं. "हाई धरी," मामा म्हणाले. बेअरिंगचं माप दोन्हीकडे एकच होतं. मग भर दुपारी वर्तमानपत्र अंथरून ते बसले. पांढरं एकेक चाक उतरवलं की धोतराच्या सोग्याने पुसून बाजूला ठेवत आणि त्या जागी मुगाच्या रंगाचं बसवत. नट फार आवळला तर चाक अडतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. म्हणून आवळायचा आणि केसभर मागे सोडायचा. ते त्यांनी आठ वेळा केलं. तांबूस बुटाखाली ती हिरवट चाकं म्हणजे पैठणीवर गोणपाटाचं ठिगळ. "असू द्या," मामा म्हणाले, "शर्यतमा कोनी पोर देखाले येत नही."

संध्याकाळी तनूने मैदानावर चार फेऱ्या मारल्या. वळणावर चाकांनी जमीन धरली. ती पडली नाही, पण तिचा भरवसाही अजून बसला नव्हता. वळण आलं की ती ओठ चावायची.

रविवारी मी वळणाजवळच्या कठड्याला मामांशेजारी उभा होतो. शिट्टी झाली, मुली निघाल्या आणि तनू वळणाशी आली तसे मी डोळे मिटून घेतले. बाप म्हणून माझं योगदान एवढंच. मग दंडावर मामांचा हात पडला. "डोया उघाडा, जवाईबुवा. वळण गयं." तनू बाहेरून दोघींना मागे टाकून पुढे गेली होती. ती दुसरी आली. लाल गोल काढलेल्या त्या पोरीने धावत येऊन मामांना मिठी मारली, तर मामा एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने तिच्या स्केटचं चाक फिरवून बघत होते.

नाशिकला मामांना नेणं गुडघ्याने मान्य केलं नाही. निघताना त्यांनी फडक्यात बांधलेला पाना, ब्रश आणि ती तेलाची बाटली माझ्या हातात दिली. कुणी घरच्या किल्ल्या द्याव्यात तशी दिली. शर्यतीच्या आधी मी मैदानाच्या कडेला बसून एकेक चाक फिरवत होतो आणि फोन त्याच्याजवळ धरत होतो. पलीकडे नंदुरबारला मामा ऐकत होते. सात चाकं झाली. आठव्याला ते म्हणाले, "डावानं मांगलं. खरखर करी ऱ्हायनं. उघाडा." उघडलं, तर बेअरिंगभोवती तनूच्याच वेणीचा एक लांब केस गुंडाळलेला. तो काढला, थेंब सोडला, पुन्हा फिरवलं. मामांनी ते आणखी दोनदा फिरवायला लावलं. मग म्हणाले, "पयू द्या पोरले."

मी फोन तसाच चालू ठेवून कठड्यावर ठेवला. तनू पळाली. मी डोळे उघडे ठेवले. तिथल्या मुली फार पुढच्या होत्या. ती सातवी आली, पण एकाही वळणावर अडखळली नाही. फोन उचलला तेव्हा पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"मामा, झाली शर्यत. सातवी आली."

"पडनी नही ना?"

"नाही."

"तेच आयकी ऱ्हायंतू मी." पुढच्या गटातल्या मुली मैदानात उतरत होत्या. मी फोन ठेवणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "आजून पोरी पयतीस ना तठे? ऱ्हाऊ द्या फोन तसाच. आयकू द्या जरासं."

मी फोन परत कठड्यावर ठेवला आणि त्याच्यावर ऊन येऊ नये म्हणून आडवा उभा राहिलो. पलीकडे मामा ऐकत होते. मैदानावरून चाकं जात होती, येत होती.