विचार करणारं मशीन

वैतागाचे किस्से साठवायचे नसतात, ते आपोआप साठतात. आमच्या नाशिकच्या ऑफिसात तर त्यांना ठेवायला जागा उरलेली नाही.

आम्ही द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतो. आमचे बॉस देशमुख सर, त्यांना वाटलं, प्रतवारीचे नियम सुपरवायझरनेच सोप्या मराठीत लिहावेत. झालं! आम्ही चक्क नवी प्रोग्रामिंग भाषा करायला बसलो. मोठं गिऱ्हाईक एकच, पिंपळगाव बसवंतचं. ते गेलं की ऑफिसला कुलूप.

माझी सहकारी मृणाल भाषा घडवणाऱ्यांच्या मुलाखती वाचते. ती म्हणाली, "सर, भाषेत शब्द घालणं म्हणजे जावई करून घेणं. परत पाठवता येत नाही."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. संध्याकाळी गिऱ्हाइकाला चार नवे शब्द कबूल करून आले.

*

नियम चुकला की स्क्रीनवर यायचं, 'चूक आहे'. बस्स, एवढंच. पिंपळगावचे सुपरवायझर संतोषभाऊ फोन करायचे, "चूक हाय म्हणतंय. पण कोणाची?"

मृणालने आठवडाभर बसून कुठे चुकलं आणि काय लिहायचं ते सांगणारे संदेश केले. फोन थांबले. सरांचा चेहरा उतरला. "सोडून गेले की काय आपल्याला?"

*

वजनाचा रकाना रिकामा राहिला तर वजन शून्य धरायचं, हा सरांचा हट्ट. एकदा अख्खा एक्स्पोर्टचा माल 'हलका' म्हणून बाजूला गेला. तरी सर ऐकेनात. "रिकामं म्हणजे शून्यच ना?"

"सर, तुमचं बीपी आज मोजलेलं नाही," मृणाल म्हणाली. "शून्य धरू?"

*

लॉट बदलला की मशीन सगळे नियम पुन्हा तपासत बसायचं. आम्ही महिनाभर डोकं फोडून ते काम क्षणात होईल असं केलं. सरांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी संतोषभाऊंचा फोन, "जुनं परत टाका, नायतर बंद करतो तुमचं."

आम्ही तिघेही धावत पिंपळगावला. टेबलांवर द्राक्षं तशीच, आणि पॅकिंगच्या बाया हाताची घडी घालून उभ्या.

"मशीन विचार करायचं तेवढ्यात आम्ही टेकायचो, चहा घ्यायचो," लताबाई म्हणाल्या. "आता त्याला विचारच करावा लागत नाय. मग आम्ही बसायचं कवा?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मृणालने कुणाला न विचारता लॅपटॉप उघडला आणि जुनं, सावकाश चालणारं परत टाकायला घेतलं.

"अहो, पण तुमच्या मालकांना काय सांगायचं?" सर कळवळले.

"सांगा, नवीन व्हर्जन आलंय," लताबाई म्हणाल्या. "लय खोल विचार करतं."