उघड्या टीव्हीला कुंकू

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला लालबागच्या खोलीत आईला बसलेला तो धक्का आठवतो. वडिलांनी दुरुस्तीसाठी व्हॉल्व्हचा जुना टीव्ही उघडून ठेवला होता. आई हत्यारांबरोबर त्यालाही कुंकू लावायला निघाली. “प्लग काढलाय, लाव बिनधास्त,” वडील म्हणाले. तिचं ओलं बोट पिक्चर ट्यूबच्या धातूच्या टोकाला लागलं आणि ती मागे भिंतीवर आदळली. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये काही हजार व्होल्ट साठून राहतात, हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही. आई डोळे उघडेना. “अगं, बोल ना,” एवढंच ते म्हणत राहिले. अखेर ती पुटपुटली, “प्लग काढला होता ना हो?” आजही बल्ब बदलायचा असला तरी आई मलाच हाक मारते, आणि वडील शेजारी बसून पेपर वाचत राहतात.