बाळूच्या स्पीकरवरची पाच बोटं

आटपाट सिन्नर होतं. तिथं एक वेल्डर राहायचा, त्याची बायको म्हणजे मी, आणि आमचा एकुलता एक बाळू. कहाणीतल्या राजाराणीकडे सगळं असतं, फक्त मूल नसतं. आमच्याकडे मूल होतं, आणि त्याच्या गळ्यात गिटार होती!

आता बाळूचे भिंतीएवढे फोटो लागतात. लोक घरी येतात, चहा पितात आणि म्हणतात, "आजी, सांगा ना त्याच्याबद्दल!" काय सांगू? एक गोष्ट ओढावी तर भोपळ्याच्या वेलासारख्या मागून चार येतात. आणि हे सगळे कौतुकवाले तेव्हा कुठं होते, जेव्हा तो रियाझ करायचा?

* * *

रियाझ म्हणजे काय, तर एकच तार धरायची आणि बोटानं वर ढकलायची. वेंऽऽऽ! सकाळी वेंऽऽऽ, भाकऱ्या थापताना वेंऽऽऽ. शेजारणीनं एकदा येऊन विचारलं, "मांजर अडकलंय का कुठं?"

मी बाळूला म्हटलं, "अरे, जरा आनंदाचं वाजव की."

"आई, हे ब्लूज आहे. दुःखाचं संगीत असतं."

"तुला कसलं रे मेल्या दुःख? गरम भाकरी मिळते, कपडे मी धुते, अंथरूणसुद्धा मीच उचलते!"

"तेच तर ना! दुःखच नाय, म्हणून एवढी प्रॅक्टिस करावी लागते."

* * *

मग त्याला बोटात घालायला नळी हवी झाली. ती तारांवर घासली की गिटार रडते म्हणे. आधी माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली गेली. मग मसाल्याच्या डब्यातली सगळ्यात लहान वाटी गेली. आठवडाभर मोहरी मी कपात ठेवली!

शेवटी त्यानं बापाच्या वर्कशॉपमध्ये हात घातला. एका गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीसाठी आणलेला पाईप होता, त्याचं टोक ह्यानं बोटभर कापलं. आमच्या ह्यांच्या ते लक्षात आलं. मी दारातच उभी राहिले, म्हटलं आज पोराची खैर नाय.

ह्यांनी तो तुकडा डोळ्याजवळ धरला, फिरवून बघितला आणि ओरडले, "वेल्डरचा पोरगा ना तू? कापलं ते कापलं, तिरकं कापलं!"

आणि जेवण सोडून कानस घेऊन बसले, कडा घासत. बापही तसलाच. मी कुणाकडं बघायचं?

* * *

अस्लम म्हणजे बाळूचा ड्रमवाला. घर मालेगावला, पण मुक्काम कायम आमच्या ओट्यावर. ह्या दोघांना हरसूलकडं एका हळदीचं काम मिळालं. मी बजावून पाठवलं, "लोकांना नाचायचं असतं रे. नाचायचंच वाजवा."

पहिली दोन गाणी नीट झाली. मग बाळूनं बोटात ती नळी चढवली आणि डोळे मिटले. आधी नवरीची आई डोळे पुसायला लागली. मग मावश्या, मग आत्या. वाटण वाटायला बसलेल्या बायका उठून नवरीच्या गळ्यात पडल्या. सगळा मांडव हुंदके द्यायला लागला!

नवरीचा मामा धावत स्टेजवर आला. "ए बाबा, थांबव ते! पोरगी अजून हळदीत हाय. आत्ताच सगळं रडून घेतलं, तर उद्या पाठवणीला काय करायचं?"

हे मला अस्लमनं सांगितलं. बाळू म्हणाला, "कार्यक्रम छान झाला."

* * *

त्यानंतर हळदीची कामं बंद. आमच्या ह्यांचा पारा चढला. "दसऱ्यापर्यंत बघतो. काही धड काम आलं तर ठीक. नाय तर गिटार विकायची आणि वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारी उभं राहायचं!"

बाळू ताटावरून उठला.

मी म्हटलं, "आता आलं ना खरं दुःख? वाजव की!"

नाही वाजवलं पठ्ठ्यानं.

पण अस्लमनं कुणाकुणाला फोन लावले. मुंबईचा एक स्टुडिओवाला नाशिकला आला होता, तो खंडेनवमीच्या संध्याकाळी येऊन ऐकतो म्हणाला. बाळूची शेवटची आशा तेवढीच.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुसून मांडतात. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल. मी म्हटलं, पोराचंही हत्यारच आहे ते. पाहुणा यायचा म्हणून पोरगं संध्याकाळी पुन्हा आंघोळीला गेलेलं. गिटारला झेंडूची माळ घातली. शेजारी त्याचा तो काळा अँप होता, गिटारचा आवाज मोठा करायचा खोका, पुढची जाळी कधीच निघालेली. आत गोल स्पीकर. मी हळदीकुंकवात हात बुडवला आणि मशीनवर ओढतो तशी पाच बोटं त्याच्यावर ओढली. चांगली दाबून.

आता मला काय माहीत, आत नुसता कागद असतो! टर्रर्र! पाच बोटांच्या पाच चिरा.

बाळू टॉवेलवर बाहेर आला. बघितलं. मला वाटलं ओरडेल. तो खालीच बसला.

दुसरा अँप कुठून आणणार? पाहुणा तर दारात आला. बाळूनं पहिली तार छेडली आणि खर्रर्र! जसा काही ग्राइंडर पत्र्यावर टेकवला. आमचे हे हळूच म्हणाले, "बेअरिंग गेलंय." बाळूनं एकदाच माझ्याकडं बघितलं, आणि मग जे वाजवलंय ते! सगळा राग माझ्यावरचा, बाहेर काढला तारांतून.

संपलं तसा पाहुणा पुढं सरकून म्हणाला, "हा आवाज तू कुठून आणलास?"

बाळू बघतोय माझ्याकडं. मी बघतेय जमिनीकडं.

अस्लम म्हणाला, "काकूंनी पूजा केली."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं बाळूला मुंबईला नेलं. फाटका अँपही नेला, गाडीत पुढच्या सीटवर बसवून. बाळूला मागं बसवलं!

* * *

परवा परदेशातून नवाकोरा अँप आला. दोन माणसांनी उचलून ओट्यावर ठेवला. बाळूनं स्वतः स्क्रू काढून पुढची जाळी उघडली, बाजूला झाला आणि म्हणाला, "आई, हळदकुंकू आण."

"अरे, आता कुठला दसरा?"

"आण गं. शनिवारी शो आहे."

मी बडबडत वाटीत हळदकुंकू कालवलं. नातवंडं गोळा झाली. हात बुडवला, पाच बोटं ताणली, तेवढ्यात आमचे हे आतून चष्मा सावरत धावत आले आणि ओरडले, "ए, सरळ ओढ! मागच्या वेळी तिरकं ओढलं होतंस!"