जड पाणी

काम अडलं की मला एका जागी बसवतच नाही. त्या आठवड्यात लोणावळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल अशा माझ्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. दुसरी रेषा येत नव्हती.

काम सांगायला सोपं. तपासायचा तुकडा बंद डब्यात ठेवायचा, आतली हवा काढून घ्यायची आणि लेसरचा झटका मारायचा. बारीकशी ठिणगी उडते. तिचा उजेड फोडून पाहिला की साधा हायड्रोजन एक लाल रेषा दाखवतो आणि त्याचं वजनदार भावंड, ड्यूटेरियम, तिला अगदी खेटून दुसरी. ती किती उंच, त्यावरून तुकड्यात ड्यूटेरियम किती मुरलंय ते कळतं. खात्रीचा नमुना हवा म्हणून मी चिनीमातीचे सच्छिद्र तुकडे जड पाण्यात, म्हणजे ड्यूटेरियमच्या पाण्यात, भिजवले होते. ते मिळवायला केलेले अर्जफाटे आठवले तरी डोकं उठतं.

आणि दुसरी रेषा गायब! भिंग पुसलं, आरसे हलवून पाहिले, तुकडे पुन्हा भिजवले. छे! सोमवारी सरांना निकाल दाखवायचा होता. घोरावाडी स्टेशनवर लोकलमध्ये चढताना, घरी जेवताना, डोक्यात तीच रेषा. आई म्हणाली, "ताटात लक्ष आहे का तुझं?" नव्हतंच.

शुक्रवारी माझा संयम सुटला. बाटली हातात घेऊन ओरडले, "यात नक्की पाणीच आहे ना?"

कोपऱ्यात भाऊ लेसर थंड ठेवणाऱ्या यंत्राची टाकी धूत होते. भाऊ जवळच्या बेडसे गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. साफसफाई आणि यंत्रांची वरवरची देखभाल त्यांच्याकडे, दर वर्षीच्या करारावर. ते शांतपणे म्हणाले, "पानी चांगलं हाय ताई. मीच बदललंय."

"बदललंय?"

"व्हय. बाटलीवर ल्हिवलंय न्हवं, जड पानी. आमच्या मळ्यातल्या बोअरला बी तसलंच. डाळ शिजत न्हाई, साबनाला फेस न्हाई. म्हनलं, ह्ये हितं कशाला? दिलं वतून. फिल्टरचं भरून ठिवलं, उकळून, गाळून."

त्यानंतर मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. त्यात 'अक्कल' हा शब्द दोनदा होता. भाऊ ओले हात सदऱ्याला पुसत राहिले. त्याच तिरमिरीत मी सरांना कळवलं की भाऊंनी जड पाणी ओतून दिलं. सरांचं उत्तर लगेच आलं: "त्यांचा करार या महिन्यात संपतोय. वाढवायचा नाही. तू लेखी दे."

लेखी द्यायला बसले, पण पेन पुढे सरकेना. बाटली समोरच होती. चिठ्ठीवरचं अक्षर माझं. सगळीकडे मेली इंग्रजी लेबलं, आपण मराठीत लिहू, ही हौसही माझीच. आणि मग आठवलं. भाऊ कामाला लागले त्या दिवशी त्याच टाकीपाशी उभी राहून मीच त्यांना बजावलं होतं, "भाऊ, इथे जड पाणी थेंबभरसुद्धा चालायचं नाही. क्षार धरतो, लेसर बिघडतो. दिसलं की ओतून द्या."

त्यांनी तेच केलं होतं, शब्दाला शब्द. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा उठले. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

सोमवारी सरांच्या हातात कागद दिला: चूक माझी, लेबलही माझं आणि ओतायची सूचनाही माझीच. सरांनी मला चांगलंच झापलं. पण भाऊंचा करार वाढला. मी माफी मागितली तर ते म्हणाले, "जाऊ द्या वो ताई." मला वाटलं, मिटलं.

पुढे नवीन पाणी आलं, नवीन लेबल लागलं. एके दिवशी दुसरी रेषा उभी राहिली, केसाएवढी, पण स्वच्छ. "भाऊ, आली!" मी ओरडले. ते आले आणि टेबलापासून चार हात लांबच थांबले.

परवा डबा खाताना मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. भाऊ धावत जाऊन माठातलं पाणी घेऊन आले आणि माझ्यापुढे येऊन थबकले. मी हात पुढे करून खोकत होते आणि ते पेला छातीशी धरून विचारत होते, "ताई, ह्ये देऊ न्हवं?"